माणखारचा बांध कोणाचा

समुद्र दिवसातून दोनदा येऊन जातो, हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी नगरकडचा. आमच्याकडे पाणी आलं नाही म्हणून माणसं रडत. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ओव्हरसीअर म्हणून हजर झालो आणि पहिल्याच आठवड्यात, पाणी आलं म्हणून रडणारी माणसं पाहिली.

संपादकांनी लिहिलं आहे, की यंत्रं, राजकारण, कायदा आणि माणसाची स्वतःची जबाबदारी यांविषयी एका अनुभवी सरकारी नोकराची परखड मतं दिवाळी अंकासाठी हवीत. मतं मला आहेत. निवृत्त माणसाकडे दुसरं असतं काय? पण माझी बहुतेक मतं एकाच बांधावर तयार झाली. त्या बांधाची हकिकत वगळून ती सांगितली, तर ती कुणाच्याही तोंडी शोभतील इतकी गुळगुळीत होतील. म्हणून हकिकतच सांगतो. मतं मधूनमधून येतीलच. ती आवरणं मला कधी जमलेलं नाही.

आधी आमचा धंदा समजून घ्या. मांडव्याकडून धरमतरच्या खाडीकडे वळलं, की जमीन इतकी सखल होत जाते की भरतीचं पाणी तिच्यावर चढतं. तिथल्या माणसांनी कैक पिढ्यांपूर्वी खाडीच्या कडेनं चिकण मातीचा बांध घातला, समुद्र बाहेर ठेवला, आतली जमीन पावसानं धुऊन घेतली आणि तिच्यात लाल भात पिकवलं. अशा जमिनीला खार म्हणतात. पावसाचं साचलेलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात एक दार ठेवतात, ती उघाडी. आणि बांध फुटून भगदाड पडलं की ती खांड. खांड पडली की एका भरतीत पीक जातं, आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत मीठ सोडून काही येत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बांध लाटा फोडतात. लाटा नाही, खेकडा फोडतो. तो बांधात बीळ करतो. ते बीळ आरपार गेलं आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं, की आतल्या अंगाला आधी नुसता ओला डाग दिसतो, मग सुतासारखी धार लागते. धार स्वच्छ असेल तोवर वेळ असते. गढूळ झाली, की पाणी बांधाची माती पोटातून घेऊन निघालं असं समजायचं. हे भोक आतून बुजवून उपयोग नाही. बाहेरच्या अंगाला, खाडीच्या पाण्यात उतरून, पायानं चाचपून बिळाचं तोंड शोधायचं, त्यात पेंढा किंवा गवत कोंबायचं, वर माती थापायची आणि त्यावर पाय देऊन उभं राहायचं. माती वाहून आणायला माणसं लागतात. फार नाही, पण लगेच लागतात.

माणखार हे माझ्या ताब्यातलं असंच एक खारीचं गाव. तिथं ही माणसं कशी यायची, ते मला राघो म्हात्रेनं सांगितलं. राघो पन्नाशी ओलांडलेला आगरी शेतकरी, बुटका, रुंद पावलांचा, बोलायला तुटक, ‘काढली’ला ‘कारली’ म्हणणारा. खोत होता तेव्हापासून बांधावरच्या माणसांचा मुकादम तोच. दर घरानं एक माणूस बांधाच्या कामाला द्यायचा, याला जोळ म्हणत. त्यात मला सगळ्यात नवल वाटलं ते एका रिवाजाचं. गळती ज्याला प्रथम दिसेल त्यानं ओरडायचं, आणि माणसं येईपर्यंत जागा सोडायची नाही. मग ते शेत त्याचं असो वा त्याच्या हाडवैऱ्याचं.

मी विचारलं, “पण बांध मुळात मालकीचा कोणाचा? खोताचा की तुमचा?”

“ज्यानी पयला बगला त्याचा,” राघो म्हणाला. त्याला तो प्रश्नच खुळा वाटला असावा.

त्याची सून हिरा जवळच गवत कापत होती. ती हसून म्हणाली, “ओवरशेर, तुमी बगू नका कवा. तुमाला मिलंल.”

हिरा मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी मुलगी होती. नवरा नारायण मुंबईला गिरणीत. शेताचं निम्मं काम तिच्यावरच. मी सायकल बांधावरून नेली की ती हटकून म्हणायची, “खेकडे हसतान तुमाला.” तिचं माहेर खाडीच्या पलीकडच्या अंगाला होतं. एकदा मी सहज म्हणालो, माहेरी भात कसं आहे यंदा? तर ती तेवढीच एकदा गंभीर झालेली मी पाहिली. “मना म्हायेरला आता शेत न्हाय, खाडी हाय,” ती म्हणाली. ती लहान असताना तिथला बांध गेला होता आणि परत कुणी घातला नव्हता. आईबाप मिठागरावर कामाला गेले ते तिथंच संपले.

पुढे कूळकायदा आला, खोत गेला, आणि बांध सरकारनं ताब्यात घेतले. याबद्दल मी आजही सरकारच्या बाजूचा आहे. खोत बांधासाठी माणसं राबवायचा आणि भात स्वतःच्या कोठीत भरायचा. शिवाय गावागावांतले बांध अगदी जर्जर झाले होते. आमच्या खात्यानं नव्यानं माती टाकली, उतार नीट काढले, आणि माणखारला मी माझ्या देखरेखीखाली नवी उघाडी बांधली. जुनी लाकडी झडप दर दोन पावसाळ्यांनी कुजायची. नवीला सिमेंटच्या भिंती, लोखंडी दार, आणि ते वरखाली करायला चक्र. चक्र फिरवलं की दार असं संथ, सरळ उतरायचं की मी पहिल्या दिवशी ते उगाचच चार वेळा फिरवलं. यंत्रानं माणूस बिघडतो असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते दार मी बसवल्यापासून एकदाही अडलं नाही, आणि पुढे जे घडलं त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता.

उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी आले. त्यांनी चक्राला हार घातला आणि भाषणात सांगितलं, “बंधूंनो, आजपासून तुम्ही निश्चिंत झोपा. बांधाची काळजी आता तुमचं सरकार वाहील.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. राघो माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, “झोपा म्हनाला व्हय?” मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

ताब्याबरोबर नियम आले. बांधाला परवानगीवाचून कुणी हात लावायचा नाही, त्याच्या पायथ्याची माती काढायची नाही. काढली तर गुन्हा. वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल, पण त्यामागे कारण होतं. आदल्याच वर्षी शेजारच्या गावात काही जणांनी कोलंबी पकडायला बांध कापून पाणी आत घेतलं होतं, आणि चाळीस घरांचं भात त्या कोलंबीपायी गेलं होतं. नियम मूर्खांनी केलेला नव्हता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका पौर्णिमेच्या भरतीला राघोला उघाडीपासून थोड्या अंतरावर गळती दिसली. त्यानं रिवाजाप्रमाणे हाक दिली, पाण्यात उतरला, आणि पाच-सहा जणांनी मिळून बांधाच्या पायथ्याचीच माती काढून भोक बुजवलं. दुसरी माती आणायला वेळच नव्हता. मी पोचलो तेव्हा काम संपत आलं होतं. मी स्वतः शेवटची चार ढेकळं थापली आणि राघोच्या पाठीवर हात ठेवला.

ही गोष्ट तिथंच संपायची. पण त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. राघोच्या विरुद्ध गोमा पाटील उभा होता. गोमा वाईट माणूस नव्हता. शिकलेला, खटपट्या, गावात शाळा आणण्यासाठी चपला झिजवलेला. पण त्याला निवडणूक जिंकायची होती आणि पुढाऱ्यांचा माणूस म्हणून काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यानं आमच्या खात्याकडे अर्ज दिला, की राघो म्हात्रे यांनी सरकारी बांधाचा पायथा खणला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

खात्यानं खटला भरला, तेव्हा मी आमच्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, “साहेब, हे प्रकरण मागं घ्या. त्यानं बांध वाचवला आहे.”

साहेब सज्जन होते. म्हणाले, “मला ठाऊक आहे. पण उद्या कोलंबीसाठी बांध कापणारा प्रत्येक जण म्हणेल, मी भोक बुजवत होतो. मग मी कुणाला सोडू आणि कुणाला धरू? कायदा माणूस बघून लावायचा का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मात्र तेव्हापासून माझं असं मत झालं आहे, की ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो प्रश्न कोर्टात पाठवून आपण मोकळे होतो.

तालुक्याच्या कोर्टात राघो धुतलेलं धोतर नेसून आला. त्याच्या उभ्या आयुष्यात तो कोर्टाची पायरी चढला नव्हता. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “बांधाच्या पायथ्याची माती काढलीत?”

“कारली.”

“परवानगी होती?”

“परवानगी येवंतवर पानी थांबला नसता, साहेब.”

“होती की नव्हती, एवढंच सांगा.”

“नव्हती.”

मी साक्षीला होतो. माती काढल्याची खूण पाहिली का, विचारलं. पाहिली, म्हटलं, पण ती माती कशासाठी... तर वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. नाममात्र दंड झाला. मॅजिस्ट्रेट तो सुनावताना कागदाकडेच बघत होते; मला वाटतं त्यांनाही बरं वाटत नसावं. दंड कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. पण शिपायानं “आरोपी राघो धर्मा म्हात्रे” असा पुकारा केला, तेव्हा राघोनं मागं वळून पाहिलं होतं, दुसरा कुणी आहे का म्हणून. ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

परतताना एसटीत तो माझ्याशेजारी बसला. वाटेत एकच वाक्य बोलला. “आता बांध तुमचा, ओवरशेर.”

मी म्हटलं, “राघो, असं करू नका.”

“मी काय करतूय? मी काहीच करनार न्हाय.”

निवडणूक तो हरला. त्यानंतर तो बांधाच्या बाजूला फिरकेनासा झाला. उधाणाच्या दिवशी घरातून बाहेरच पडायचा नाही. मुकादमच घरी बसल्यावर बाकीची माणसंही बसली. जोळ बंद पडली. आमच्या खात्यानं बुधाजी नावाचा एक पहारेकरी नेमला. मैल दीड मैल बांधाला एक माणूस. मी घरोघर जाऊन सांगत होतो, की नुसतं लक्ष ठेवा, हाक तरी द्या. तर उत्तर मिळे, “सरकारचा बांध, सरकारचा पारेकरी. बांधाची पट्टी भरतू आमी.” इथं एक मत स्पष्टच सांगतो. राघोचा राग खरा होता. बाकीच्यांना तो सोयीचा होता. चिखलात उतरायचं कुणाला हौसेनं आवडतं? एका माणसाच्या अपमानाचं निमित्त सगळ्या गावाला पुरलं.

एकटी हिरा भांडायची. माझ्यादेखत ती राघोला म्हणाली होती (सासऱ्याला ती मामा म्हणे), “मामा, रुसायचा तर सरकारवर रुसा. बांधावर कशाला रुसताव? त्यानी काय केलाय?”

“तू हात लावशील तर तुजेवर केस व्हईल.”

“व्हऊ द्या. मुंबैवाल्याला सांगीन, सोरवायला ये.”

तिनं हसून सांगितलं, पण राघो हसला नाही.

श्रावणातली अमावास्या होती. आमच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते. सकाळपासून पाऊस आणि नैर्ऋत्येचा वारा; असा वारा पाणी खाडीत ढकलतो आणि परत जाऊ देत नाही. मी आणि बुधाजी उघाडीवर होतो. दार खाली करून झालं होतं. तेवढ्यात बांधावरून हाक आली, “खांड! खांड आयली!”

हिराचा आवाज होता. ती बैलांना गवत कापायला आली होती. मी धावत गेलो. आतल्या अंगाला मनगटाएवढी धार उडत होती, आणि ती चहासारखी गढूळ होती. हिरा तोवर बाहेरच्या अंगानं पाण्यात उतरली होती. एका हातानं बांधावरचं झुडूप धरून ती पायानं चाचपत होती.

“गावला!” ती ओरडली. “पायाखाली हाय. ते गवत द्या.”

तिनंच कापलेला भारा मी सोडला आणि पेंढ्या तिच्या हातात देत गेलो. तिनं त्या खाली नेऊन टाचेनं कोंबल्या. मी आत पाहिलं. धार बोटाएवढी झाली होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो.

“हसताव काय? मानसं बोलवा. दहा आयली तरी पुरं.”

बुधाजीला गावाकडे पिटाळलं. गाव आत उंचवट्यावर, शेतांपलीकडे. मी हातांनी माती उकरून लोटत राहिलो, पण एका माणसाची माती पाणी तेवढ्यात गिळून टाकत होतं. भरती चढत होती. पाणी तिच्या छातीशी आलं. मी म्हटलं, “तू वर ये, मी उतरतो.”

“पोवता येतं का?”

मी नकारार्थी मान हलवली. नगरच्या माणसाला कुठलं पोहता येणार?

“मग ऱ्हाऊ द्या.”

बुधाजी परत आला तो एकटाच. “समदी येऊन उबी हायत उंचवट्यावर. पन खाली उतरत न्हाईत.”

“त्यांना सांगितलंस का हिरा आहे म्हणून?”

“सांगितला.”

हिरानं ते ऐकलं. तिनं टाच आणखी घट्ट रोवली. मग म्हणाली, “ओवरशेर, तुमी जा. तुमी सरकार हाव. तुमचा ऐकतील.”

मी बुधाजीला तिच्याजवळ ठेवला आणि शेतांतून धावत सुटलो.

पन्नासएक माणसं इरली डोक्यावर घेऊन रांगेत उभी होती. पुढे गोमा. राघो एका दगडावर बसलेला. मी धापा टाकत म्हटलं, “चला, अजून वेळ आहे. दहा माणसं पुरतील.”

कुणी हललं नाही. गोमा म्हणाला, “साहेब, लिवून द्या.”

“काय?”

“हुकूम. बांधाला हात लावायची परवानगी.”

“मी तोंडानं सांगतोय ना!”

“तोंडी काय कामाचा? राघोच्या वक्ताला तुमी स्वता माती थापलीत, पन कोर्टात काय झाला?” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “मी उतरलो तर उद्या म्हात्र्यांचा कोनी माज्यावर अर्ज करील. मी केला व्हता ना.”

त्याच्या डोळ्यांत मला दुष्टपणा दिसला नाही. भीती दिसली, आणि ती त्यानंच पेरलेली होती.

मी राघोकडे वळलो. “राघो, तुमची सून पाण्यात उभी आहे.”

“मी तिला सांगितला व्हता, हात लावू नको,” तो म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर बांधावर होती.

वाद घालत बसण्यापेक्षा लिहून देणं लवकर होईल असं मला वाटलं. मी खिशातून डायरी काढली, पान फाडलं. शाई पावसात पसरायला लागली, तेव्हा गोमानं पुढे होऊन त्याचं इरलं माझ्या कागदावर धरलं. इतकी सभ्यता होती त्यांच्यात. मी लिहिलं: माणखार येथील सर्व ग्रामस्थांना बांधाची माती काढून खांड बुजवण्याची परवानगी देत आहे. खाली सही केली.

“वाचून दावा,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी वाचायला लागलो. अर्ध्यावर आलो असेन, तोच राघो दगडावरून उठला आणि पळत सुटला. मी वळून पाहिलं.

बांध फुटतो तेव्हा मोठा आवाज होतो असं लोक समजतात. भिजलेलं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच आवाज येतो. हिरा जिथं होती तिथला बांध मधोमध खचला, आणि त्या जागी एक पिवळट पाण्याचा लोट उभा राहिला. बुधाजी पलीकडच्या बाजूला पळताना दिसला. हिरा दिसली नाही.

मग सगळे धावले. हुकूम कुणाला आठवला नाही. गोमा सगळ्यांच्या पुढे, कमरेइतक्या पाण्यात, उलट्या लोटात शिरत होता. राघो त्याच्याही पुढे. पण खांड रुंदावत होती, आणि तिच्यासमोर माणसाचं काही चालत नाही. हिरा सापडली ती ओहोटी लागल्यावर, राघोच्याच शेताच्या मेरेला.

चौकशी झाली. साहेब आले, मोजमापं झाली. मी माझ्या जबाबात उंचवट्यावरची सगळी हकिकत सांगितली. अहवालात ती आली नाही. बांधाच्या अहवालात तिला जागाच नव्हती. असाधारण उधाण, जोराचा वारा, नैसर्गिक आपत्ती. प्रत्येक शब्द खरा होता. नवी उघाडी मात्र जिथल्या तिथं उभी होती, लोखंडी दार घट्ट मिटलेलं, आणि तिच्या बगलेनं खाडी शेतात ये-जा करत होती.

पुढारी पण आले. शाळेच्या ओसरीवर उभं राहून त्यांनी नोकरशाहीच्या बेफिकिरीवर बरंच काही सांगितलं. मी समोरच बसलो होतो. मग ते म्हणाले, यंत्रं आणू, दुप्पट रुंद बांध घालू, आणि यात गावाचा काहीएक दोष नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना माणसांचे चेहरे सैल झाल्याचं मी पाहिलं. राजकारणाविषयी माझं मत विचाराल तर ते एवढंच आहे. पुढारी खोटं बोलतात अशी माझी तक्रार नाही. तुमचा दोष नाही, हे ते आपल्याला सांगतात, आणि ते ऐकायला आपण सतरंजीवर बसतो.

पुढच्या उन्हाळ्यात खरंच यंत्र आलं आणि बांध दुप्पट रुंद झाला. चांगला झाला. पण जमीन खारटच होती. बरीच तरणी माणसं मुंबईला गोदीत, गिरणीत गेली, ती सणापुरती येत राहिली.

पण ते नंतरचं. हिराचं बारावं झालं त्यानंतर थोड्याच दिवसांनी राघो माझ्या खोलीवर आला. बरोबर एक गाठोडं होतं. म्हणाला, “कोर्टात येताव का माज्यासंगती? मना तिथली रीत म्हायती न्हाय.”

“काय काम आहे?”

“गुना कबूल करायचा हाय.”

मी त्याला समजावलं, की असं होत नसतं. त्यानं ऐकून घेतलं आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. तेव्हा मी चपला घातल्या.

मॅजिस्ट्रेट तेच होते. प्रकरणं संपत आली तेव्हा राघो पुढे गेला आणि हात जोडून उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “तुमचं काय?”

“मना शिक्षा करा.”

“कशाबद्दल?”

“सून पान्यात उबी व्हती. मी बगत बसलो. उठलो न्हाय.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटनी तिकडे असं पाहिलं की हसू थांबलं. त्यांनी राघोला ओळखलं होतं, आणि माणखारची खांड तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, “म्हात्रे, तुम्ही तिला ढकललं नाहीत. बांध कापला नाहीत. बसून राहणं हा कायद्यानं गुन्हा नाही.”

“मागच्या बारीला बांध राखला, तवा गुना झाला व्हता.”

“हो.”

“आता सोरला, तं गुना न्हाय?”

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नाही,” ते म्हणाले. “घरी जा तुम्ही.”

त्यांनी दुसरं काय म्हणायचं? कायद्यानं माणसाच्या मनात शिरू नये, असंच मला वाटतं. तसा कायदा झाला तर मी तरी बाहेर राहीन का? तरी त्या दिवशी मला वाटलं, की कुणीतरी त्याला चार दिवस तरी आत ठेवायला हवं होतं. राघो वऱ्हांड्यात जाऊन बसला. कोर्ट सुटेपर्यंत तिथंच बसला. मी शेजारी बसलो. त्यानं गाठोडं मांडीवर धरलं होतं. त्यातून एक घोंगडी आणि तंबाखूची डबी बाहेर डोकावत होती. तो तुरुंगात जायच्या तयारीनं आला होता, हे मला तेव्हा कळलं.

माणखारला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मी त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. नारायण मुंबईहून बाराव्याला आला होता तो अजून परतला नव्हता. पडवीत बसला होता. बापाला पाहून तो उठला.

“काय म्हनला साहेब?”

“सोरला मना,” राघो म्हणाला.

नारायण त्याच्याकडे बघत राहिला. आतून राघोची बायको दाराशी आली. तिनं एकदा नवऱ्याकडे, एकदा त्या गाठोड्याकडे पाहिलं.

“तुमी येनार न्हाय म्हनलाव,” ती म्हणाली. “मी तुमचा भात न्हाय घातला.”

“बरा केलास,” राघो म्हणाला, आणि पडवीच्या कडेला टेकला. नारायण आत गेला. आत ताटं मांडल्याचा आवाज आला. मला कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी थोडा वेळ अंगणात उभा राहिलो, आणि मग सायकल घेऊन निघालो.